माझा पाइप फुटत न्हाई

बंद पडलेली गाडी दारात आली की निवृत्तीअण्णा आधी मालकाचा हात धरायचे. मग बॉनेट उघडून तोच हात रेडिएटरच्या तापलेल्या रबरी पाइपावर दाबायचे. मालक कळवळला की शांतपणे म्हणायचे, "तुमाला येवढ्यात भाजलं. त्यो बिचारा वरीसभर कसा सोसत आसंल?" मालक हातावर फुंकर घालत उभा राहायचा आणि अण्णा कामाला लागायचे.

कापूरहोळच्या फाट्यावर त्यांचं गॅरेज आणि माझं स्पेअर पार्टचं दुकान एकाच भिंतीला लागून होतं, त्यामुळे हा तमाशा मला रोज फुकट दिसायचा. गिऱ्हाईक तरीही त्यांच्याकडेच यायचं. कंपनीच्या रेडिएटरला दोन्ही अंगांना प्लॅस्टिकच्या टाक्या असतात, चार उन्हाळे गेले की त्यांना चिरा पडतात. अण्णा त्या काढून अॅल्युमिनियमच्या टाक्या वेल्डिंगने बसवायचे, रबरी पाइप फेकून जाड सिलिकॉनचे घालायचे आणि वर रुंद पट्ट्याच्या क्लिपा आवळायचे. अशी गाडी वरंधा घाटात भर मे महिन्यातही उकळत नसे. "माझा पाइप फुटत न्हाई," एवढं एकच वाक्य ते अभिमानाने बोलत. बाकीची सगळी वाक्यं दुसऱ्याला सोलण्यासाठी होती.

भोरच्या एका मास्तरांनी गाडीत ओढ्याचं पाणी घातलं होतं. त्यांना अण्णा म्हणाले, "गुरुजी, गाडी इका आन् गाडव घ्या. त्याला ओढ्याचंच पानी लागतं." पुण्याचं एक कुटुंब एकदा अडकलं होतं. अण्णांनी त्यांचा जुना पाइप त्यांच्या लहान मुलीच्या कानाशी धरून दाबला, तो कुरकुरला. "आयकलं का बाळ? तुज्या बापानं तुमाला घाटात मारायचं ठरवलं व्हतं." पोर रडायला लागली. बापाने मान खाली घालून नवे पाइप बसवून घेतले आणि जाताना आभारही मानले. माणसं अपमान गिळतात, गाडी मात्र धड चालली पाहिजे, हे मी त्या फाट्यावर शिकलो.

घरी शकूवहिनी होत्या. मूलबाळ नव्हतं. दुपारी त्या डबा घेऊन यायच्या, आणि भाजीत मीठ कमी पडलं तर अण्णा चार गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे, "हिचं डोकं म्हंजी कंपनीची टाकी. दिसाया चांगली, कामाला कच्ची." वहिनी डबा उचलून माझ्या दुकानात पाणी प्यायला यायच्या. पाणी पिऊन झाल्यावरही तांब्या बराच वेळ हातात धरून बसायच्या.

अण्णांच्या स्वतःच्या जीपला नव्या टाक्या होत्या, नवे पाइप होते. फक्त एक जागा त्यांनी सोडली. जीपला हीटर होता, आणि त्याच्याकडे जाणारा पाइप डॅशबोर्डच्या खाली, शेजारच्या सीटवर बसणाऱ्याच्या पायांवरून जायचा. तिथे अण्णांनी कुणाच्या तरी गाडीतून काढलेला जुना रबरी तुकडा जोडला होता. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आपल्याकडं हीटर कोन लावतंय? शोभेला हाय त्यो." हीटर लावा नाहीतर न लावा, उकळतं पाणी तिथूनही फिरतच असतं. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण ती सीट वहिनींची होती.

पानशेतकडे वहिनींच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. मला सोबत घेतलं, मी मागे बसलो. वेल्ह्याजवळ पाबे घाटात चढ लागला आणि तो तुकडा फुटला. बाकी सगळं इतकं भक्कम केलेलं की सारा जोर त्या एका कच्च्या जागेवर आला. गाडी वाफेने भरली. वहिनींच्या किंकाळीच्या आधी मला अण्णांची शिवी ऐकू आली, आणि ती पाइपाला होती.

मागून येणाऱ्या टेम्पोतून आम्ही त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. दोन्ही पावलं सोलून निघाली होती. डॉक्टरांनी कशानं भाजलं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "चुलीवरचं पातेलं उलटलं." जरीचं पातळ नेसून, दागिने घालून लग्नाला निघालेली बाई, आणि नवरा चुलीचं सांगतोय. डॉक्टरांनी हवालदाराला बोलावून घेतलं.

हवालदाराने वहिनींना हळूच विचारलं, "ताई, भिऊ नका. ह्यांनी काय केलं का?"

वहिनी दात आवळून म्हणाल्या, "ह्यांनी न्हाई काय केलं. गाडीतला पाइप फुटला. ह्यांनीच जोडला व्हता."

एवढ्या वेदनेत बाईने नवऱ्याला तुरुंगापासून वाचवलं. टेम्पोवाला आणि बातमी ऐकून आलेले आमच्या फाट्यावरचे दोन ड्रायव्हर दारात उभे होते. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "खोटं बोलतीया ती. माझा पाइप फुटत न्हाई."

"मग भाजलं कशानं?"

"भांडान झालं आमचं. म्याच वतलं पानी. लिवा."

वहिनींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या क्षणी अण्णांना ठोकून काढावं असं मला वाटलं, आजही वाटतं. हवालदाराने माझा आणि वहिनींचा जबाब घेऊन अपघात लिहिला, म्हणून ते सुटले. वहिनी दवाखान्यातून थेट भावाकडे गेल्या, परत आल्या नाहीत. उजवा पाय पुन्हा कधी नीट वाकला नाही.

फाट्यावर मात्र अण्णांचंच खरं ठरलं. "बायकूवर पानी वतलं म्हनं," असं कुणी म्हटलं की दुसरा म्हणायचा, "घरोघरी मातीच्या चुली. पर पाइप बाकी पक्का हां त्यांचा." मी खरं सांगायला गेलो की लोक डोळे मिचकावायचे. "तुमी शेजारी. तुमी झाकनारच." म्हणजे पाइप फुटला हे सांगून मी अण्णांची अब्रू वाचवतोय, असा त्यांचा समज. गॅरेजपुढची रांग एका गाडीनेही कमी झाली नाही.

गेल्या वर्षी अण्णा काम करता करताच गेले. भोरला नीरेच्या काठी दहावा झाला. श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली आणि ड्रायव्हरांच्या वतीने एक जण माइकवर म्हणाला, "अण्णांनी घातलेला पाइप आयुष्यात कधी फुटला नाही." माणसांनी माना डोलावल्या. वहिनी भावासोबत आल्या होत्या, कडेला पाय लांब करून बसल्या होत्या. मला राहवेना. मी उठायला लागलो, तशी त्यांनी हाताने खूण करून मला खाली बसवलं.

"म्हनू द्या भावजी," त्या म्हणाल्या. "आता काय माज्या पायावर फुटत न्हाई."