अब्बांच्या मोटरसायकलला दोन पुरचुंड्या का?

मंडळी, आज सकाळी दुबईत, देरा भागातल्या आमच्या गल्लीत चक्क टाळ्या वाजल्या!

हिवाळाभर आम्ही बहिणीच्या लग्नासाठी रत्नागिरीला होतो. अब्बांनी साठच्या दशकात इथेच घेतलेली मोटरसायकल मागच्या शेडमध्ये उभी होती. खाडीजवळची दमट हवा, त्यात पहाटेचं धुकं! निघण्याआधी मी महागडं प्लास्टिक कव्हर आणलं, तर अब्बा भडकले. "प्लास्टिकखाली गाडीला घाम सुटतो. खलास होईल!"

मग त्यांनी टाकी काठोकाठ भरायला लावली, क्रोमला तेल चोळलं, सुती चादर घातली आणि ओल शोषायला हँडलला तांदळाच्या दोन पुरचुंड्या बांधल्या. मी मनात हसलो.

आज चादर काढली. गंजाचा ठिपकाही नाही! तिसऱ्या किकला गाडी धडधडली. ऐंशी पार केलेले अब्बा टांग टाकून बसलेसुद्धा.

"पण पुरचुंड्या दोन कशाला?" मी विचारलं.

"पहिल्या वर्षी एकच बांधली होती. गावाहून आलो तर गाडी गंजलेली, पुरचुंडी गायब. तेव्हा माझ्यासोबत एकाच खोलीत राहणाऱ्या दोस्तांचा शिधा संपला होता, त्यांनी भात करून खाल्ला!"

"मग भांडलात?"

"छे! पुढच्या वर्षीपासून दोन बांधायला लागलो. एक गाडीला, एक त्यांना."

ते दोस्त आता नाहीत. दुसरी पुरचुंडी अजून आहे. आज दुपारी आम्ही तिचाच भात केला. तुमच्याकडे कुणाच्या नावाची दुसरी पुरचुंडी असते?