पिठात न्हालेला गिरणीवाला

कात्रपमधल्या आमच्या इमारतीच्या भिंती चार इंची आहेत. बिल्डरनं कबूल केलेलं बाकी काय दिलं ते विचारू नका, पण शेजाऱ्यांचं बोलणं मात्र फुकट दिलं. माझ्या भिंतीपलीकडे सुषमा गायकर राहते. अंबरनाथ एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यातून मी रिटायर झालो तेव्हापासून दिवसभर घरीच असतो, आणि दिवसभर तिच्या घरातून एकच प्रश्न माझ्या कानावर पडायचा. "मग पुढं काय झालं?"

सुषमा पाळणाघर चालवते. दारावर पाटी नाही की आत रंगीत खुर्च्या नाहीत. बाहेरच्या खोलीत दोन सतरंज्या, एक झोळी आणि सात-आठ पोरं. आईबाप उजाडायच्या आत मुंबईला जातात आणि दिवेलागण उलटल्यावर परत येतात, तेव्हा मूल पहिल्यांदा चालतं ते सुषमाच्या सतरंजीवर आणि पहिल्यांदा बोलतं तेही तिथंच. रविवारी आईबापांना ते नुसतं दाखवायचं असतं. सगळे तिला काकू म्हणतात. मी वयानं मोठा, म्हणून नुसतं सुषमा म्हणतो आणि ती मला भाऊ म्हणते.

तिचं माहेर बारवी धरणाकडच्या गावचं, शिक्षण सातवीपर्यंत. नवरा नितीन रिक्षा चालवतो, एमआयडीसीतल्या पाळीच्या कामगारांची ने-आण करतो. उल्हासनगरला भाडं गेलं की तिथल्या एका सिंधी रद्दीवाल्याकडून तो चित्रांची पुस्तकं किलोवर उचलून आणायचा. त्यात हिंदी असायची, गुजराती असायची, इंग्रजी तर ढिगानं. एक सिंधी लिपीतलं होतं. ते उजवीकडून उघडतात हे या नवराबायकोला कोण सांगणार? वर्षभर सुषमानं ते शेवटाकडून सांगितलं. तिच्या गोष्टीत कोंबडीची धिप्पाड पोरं हळूहळू लहान होत जायची आणि शेवटी अंड्यात जाऊन झोपायची. पोरांची काही तक्रार नव्हती. दुपारी झोपताना ती तशीच गुडघे पोटाशी घेऊन झोपायची.

पुस्तक घरी आलं की ती पहिलं काम करायची ते अक्षरांवर कोऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवायचं. मी एकदा विचारलं, तर म्हणाली की अक्षरं दिसली की पोरं विचारतात, इथं काय लिहिलंय, आणि ते आपल्याला येत नसलं तर आपली शोभा होते. त्यापेक्षा झाकलेलं बरं. मग मांडीवर पुस्तक पोरांकडे तोंड करून धरायचं आणि सुरुवात. पण "हे काय आहे?" असं ती कधीही विचारायची नाही. "काय आहे ते त्यांना दिसतंय की भाऊ, डोळे दिलेत देवानं," ती म्हणायची. "काय झालं ते सांगायला तोंड लागतं." म्हणून प्रश्न एकच, मग पुढं काय झालं. आणि चिमुरडी पोरं सांगायची. कोण दबा धरून बसलं, कोण धांदरट, कोणाची फजिती झाली. हे शब्द माझ्या पुण्यातल्या नातवाला दहाव्या वर्षीही येत नाहीत.

त्या पुस्तकांत एक जाडजूड इंग्रजी होतं. त्यात सगळं पांढरं, घरं पांढरी, झाडं पांढरी आणि अंगणात एक गोलमटोल पांढरा माणूस, नाकाच्या जागी गाजर. सुषमानं बर्फ पाहिलाय तो माशांच्या टोपलीत नाहीतर उसाच्या गाड्यावर. तिनं चित्र निरखून पाहिलं आणि गोष्ट रचली. गावातल्या गिरणीचा पट्टा तुटला. सगळं पीठ उडालं, घरांवर बसलं, झाडांवर बसलं. गिरणीवाला पिठात न्हाऊन निघाला. पोरं त्याला हसली, म्हणून तो अंगणात एकटाच जाऊन उभा राहिला, हिरमुसला. नाकाला गाजर कशाला, तर पिठानं शिंका येत होत्या म्हणून. मी भिंतीपलीकडे पोट धरून हसलो होतो.

राजसी तिच्याकडे आली ती अडीच वर्षांची. आई मीनल, बाप अल्पेश, दोघं नोकरीवाले, माणसं वाईट नव्हेत. पण पोरगी बोलायची नाही. आधीच्या बाईनं तिला मोबाइलसमोर बसवून वाढवलं होतं. आवाज आला की मान वळवायची आणि पुन्हा रिकाम्या हातांकडे बघत बसायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कान ठीक आहेत, हिच्याशी कोणीतरी बोला. मीनलनं पहिल्या दिवशी दारात उभं राहून एवढंच मागितलं होतं की काकू, काही शिकवू नका, फक्त ही बोलायला हवी.

किती दिवस ती नुसती ऐकत होती. बाकीची पोरं कलकलाट करायची आणि ही गिरणीवाल्याच्या पानावर बोट ठेवून गप्प. सुषमानं तिच्या मागे कधी धोशा लावला नाही. रोज ते पान आलं की प्रश्न विचारायची, थोडं थांबायची आणि पुढं जायची. एका दुपारी ती अशीच थांबली होती, तेव्हा एक नवा, घोगरा आवाज आला. "पीठ पडलं." मग सुषमाचा आवाज, जरासा कापरा. "हो गं बाई. मग पुढं काय झालं?"

त्यानंतर बांध फुटला. पावसाळा सरेस्तोवर राजसी अख्खी गोष्ट सांगायला लागली, आणि सुषमानं न सांगितलेलंही त्यात घालायला लागली. गिरणीवाल्याच्या बायकोनं त्याला आंघोळीला पाणी तापवलं, वगैरे. एकदा मीनल तिला न्यायला आली तेव्हा मी जिन्यातच होतो. साहेबानं काहीतरी सुनावलं असणार, चेहरा उतरलेला. राजसीनं तिच्याकडे मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "आई, तू हिरमुसलीस? कोण हसलं तुला?" मीनल तिथंच पायरीवर बसली आणि पोरीला कुशीत घेऊन रडली. सुषमा दारात उभी होती. तिच्या तोंडावर तेव्हा जे होतं, ते मी तिच्या तोंडावर पुन्हा पाहिलं नाही.

मग शाळेत घालायचं वय झालं. मुलांचा इंटरव्ह्यू घ्यायचा नसतो म्हणे, म्हणून शाळा त्याला 'इंटरॅक्शन' म्हणतात. कुत्र्याचं नाव मोती ठेवलं म्हणून तो चावायचा राहत नाही. तर शाळेतल्या मॅडमनी राजसीला चित्रांची कार्डं दाखवली. पहिल्याच कार्डावर तो पांढरा, गाजराच्या नाकाचा. मॅडमनी इंग्रजीत विचारलं, हे काय आहे? राजसीला वाटलं, आपलाच माणूस भेटला. तिनं खुर्चीवरून उतरून गोष्ट सुरू केली. पट्टा तुटला, पीठ उडालं, बायकोनं पाणी तापवलं. मॅडमनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. राजसीला वाटलं यांना ऐकू आलं नाही, म्हणून तिनं गोष्ट पहिल्यापासून आणि मोठ्यानं सांगितली. दुसऱ्या कार्डापर्यंत गाडी गेलीच नाही. शाळेनं कळवलं, मूल विचारलेल्याचं उत्तर देत नाही. तयारी करून घ्या, जागा उरली तर पुढच्या महिन्यात पुन्हा बघू.

त्या संध्याकाळी अल्पेश आला, तेव्हा मी सुषमाच्या दारातच होतो. आवाज चढवला नाही त्यानं. ओरडला असता तर बरं झालं असतं, मला मध्ये पडता आलं असतं.

"काकू, त्याला स्नोमॅन म्हणतात. बर्फाचा असतो तो. तुम्हाला माहीत नव्हतं तर नव्हतं, पण पोरांना काहीही का सांगितलंत?"

सुषमानं पुस्तक काढलं, ते पान बराच वेळ पाहिलं. "बर्फाचा?" ती म्हणाली. "मग वितळत कसा नाही? एवढा उभा कसा राहतो?"

"तो प्रश्न नाहीये काकू," अल्पेश म्हणाला आणि कार्डांचा गठ्ठा तिच्या हातात देऊन गेला. मीनल मागे उभी होती. तीही त्याच्या मागोमाग निघून गेली. पायरीवर रडलेली बाई तीच का, असा मला प्रश्न पडला.

मी सुषमाला म्हटलं, कार्डं परत कर आणि सांग त्याला, तुझी पोरगी बोलती कोणी केली ते विसरलास का. ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही गप्प बसा. मी चुकले ते चुकलेच. लोकांची लेकरं आहेत, माझ्या येडेपणापायी त्यांचं नुकसान का?" आता याला काय म्हणावं? जी बाई जगात कुणाला घाबरली नाही, ती एका बर्फाच्या बाहुल्याला घाबरली. रात्रीतून तिनं सगळ्या पुस्तकांवरच्या पट्ट्या सोलून काढल्या आणि पुस्तकं माळ्यावर टाकली. बातमी पसरली तशा इतर आयाही कार्डं घेऊन आल्या.

माझं इंग्रजीशी वाकडं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझा मुलगा त्याच इंग्रजीवर पोट भरतो. राजसीला स्नोमॅन यायला हवाच होता. पण त्यासाठी गिरणीवाल्याला गावाबाहेर काढायची काय गरज होती? एका पोरीच्या तोंडात दोन माणसांना जागा नसते का?

भिंतीपलीकडचा आवाज बदलला. अंब्रेला. क्रो. स्नोमॅन. सुषमा आधी म्हणायची आणि पोरं मागून. राजसी सुरुवातीला ऐकायची नाही. छत्री दाखवली की ती कुणाची, कुठं विसरली, सगळं सांगायला लागायची. मग सुषमाचा आवाज यायचा, "नाही बाळा, एकच शब्द. एकच." आणि हा 'एकच' ती एवढ्या मायेनं म्हणायची की ऐकून माझं डोकं फिरायचं. मी भिंतीवर चापट मारायचो. आधी गोष्ट तुटून दोन वाक्यांची झाली, मग एका वाक्याची, मग शब्दाची. बाकी वेळ राजसी गप्प राहायला लागली. शहाणी झाली, असं मीनल म्हणाली.

पुढच्या महिन्यात पोरीनं सगळी कार्डं बरोबर ओळखली. प्रवेश मिळाला, पेढे आले. शाळेचंच पाळणाघर होतं, तेव्हा सुषमाकडचं येणं बंद झालं. मी तो पेढा खाल्ला नाही. सुषमानं खाल्ला, आणि गोड लागला म्हणाली.

दिवाळीत मीनल राजसीला घेऊन फराळाचा डबा द्यायला आली. सुषमानं मलाही चहाला बोलावलं होतं. पोरगी उंच झाली होती, केसांना दोन क्लिपा, सतरंजीवर हात मांडीत घेऊन नीट बसली होती. चहा झाला तरी हूं का चूं नाही. सुषमाला राहवलं नसावं. स्टुलावर चढून तिनं माळ्यावरून ते जाडजूड पुस्तक काढलं, धूळ पदरानं पुसली आणि ते पान राजसीसमोर धरलं.

"मग पुढं काय झालं गं?"

राजसीनं चित्राकडे पाहिलं. मग आईच्या तोंडाकडे पाहिलं, उत्तर तिथं लिहिलंय की काय तसं. "स्नोमॅन," ती म्हणाली.

"हो, स्नोमॅनच. पण तो तिथं एकटा का उभा आहे?"

पोरगी गोंधळली. पुन्हा आईकडे पाहिलं, आणि आवाज बारीक करून म्हणाली, "स्नोमॅन?"

मीनल हसून म्हणाली की बरोबर आहे बेटा. सुषमानं पुस्तक मिटलं. ती हसायचा प्रयत्न करत होती, पण मला तिचा चेहरा दिसत होता, आणि राजसीलाही दिसत होता. पोरगी त्याच्याकडे टक लावून बघत होती. माझ्या जिवात जीव आला. मला वाटलं, आता ती विचारणार, काकू, कोण हसलं तुला.

राजसीनं बोट उचललं, सुषमाच्या चेहऱ्यावर रोखलं आणि स्पष्ट म्हणाली, "सॅड."

मीनलला कोण आनंद झाला. भावनांचीही कार्डं असतात, ती तर हिची कधीच पाठ झाली, असं ती मला कौतुकानं सांगू लागली. राजसी मात्र बोट तसंच धरून सुषमाकडे बघत राहिली. बरोबर की चूक ते ऐकायची वाट बघत होती.

"बरोबर," सुषमा म्हणाली, आणि तिच्या हातावर एक करंजी ठेवली.