रिकाम्या घरातला होकार

देवाच्या बाबतीत माझं म्हणणं बरीच वर्षं एकच होतं. पुरावा आणा, मग बोलू. असं म्हणणारी मुलगी वकिली शिकायला इंग्लंडला गेली याचं घरात कुणाला नवल वाटलं नाही. आमचं घर घाटकोपरला. आजोबा गिरणीत होते, बाबा बँकेत, आणि दोघांचा देव सिंधुदुर्गातल्या गावचा रवळनाथ. घाटकोपरला राहणारे गाववाले दर वर्षी एका हॉलमध्ये पूजा घालतात आणि तिथे गाऱ्हाणं घालायचा मान बाबांचा असतो. हातात नारळ घेऊन सगळ्यांच्या वतीने देवापुढे मागणं मांडायचं, आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेल्यांनी एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. बाबांचा क्रम ठरलेला होता. आधी आपण कोण, कुठले ते सांगायचं, मग चूक कबूल करायची, मागणं सगळ्यात शेवटी. मी एकदा त्यांना म्हटलं होतं की कोर्टात असं केलंत तर पहिल्याच दिवशी केस हराल. ते हसून देवाच्या तसबिरीकडे बोट करत म्हणाले, “कोर्टाक खरा म्हायत नसता गो. ह्येका आधीच म्हायत आसता.”

माझ्या शेवटच्या सत्रात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. मी धावत आले. शेवटचा निबंध हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून लिहिला आणि त्यात दोन पानं एका वर्गमैत्रिणीच्या टिपणांतून जशीच्या तशी उचलली. थकले होते हे खरं, पण उचलताना मला पुरतं कळत होतं. विद्यापीठाने ते पकडलं. चौकशी व्हिडिओवर होणार होती. दोषी ठरले तर अभ्यासक्रमातून बाहेर, व्हिसा रद्द, आणि दोन वर्षं प्रत्येक गाऱ्हाण्यात बाबांनी ज्या शिक्षणासाठी शब्द टाकला होता ते संपलं.

मी बचाव मात्र छान तयार केला होता. चौकशीची नोटीस दहा दिवस आधी मिळायला हवी, मला आठच दिवस आधी मिळाली. त्यावर एक लॅटिन वचनही शोधून ठेवलं होतं. लॅटिनमध्ये सांगितलं की चोरीसुद्धा घरंदाज वाटते.

आपल्याकडचे दुपारचे अडीच वाजले होते. आई बाबांना घेऊन शेजारच्या गल्लीत फिजिओथेरपीला गेली. जाताना लॅपटॉपजवळ तिने एक नारळ ठेवला होता, तो मी कॅमेऱ्यात येणार नाही असा सरकवला. घरात दुसरं कुणी नाही हे दाखवणं नियमात होतं, म्हणून लॅपटॉप उचलून सगळं घर फिरवून दाखवलं. स्वयंपाकघर, बाबांचा पलंग, आतून कडी लावलेलं दार. पडद्यावर तीन प्राध्यापक होते. त्यांतल्या एकाने तिकडच्या सकाळी नऊ वाजता विद्यापीठाचं बोधचिन्ह असलेला टाय लावला होता, जणू माझ्या दोन पानांनी साम्राज्य धोक्यात आलं होतं. अध्यक्ष एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी सुरुवात करायला सांगितलं.

मी तोंड उघडलं आणि लॅटिन आठवेना. समोरच्या इमारतीत सकाळपासून चाललेलं ड्रिलिंग थांबलं होतं. पंखा फिरत होता, पण त्याचाही आवाज येत नव्हता. धुपाचा वास आला. घरात धूप लावलेला नव्हता. मग मी बोलू लागले. मी कोण, कुणाची मुलगी, कुठून आले. ती दोन पानं माझी नाहीत. उचलताना मला ते माहीत होतं. भाषा इंग्रजी होती, क्रम बाबांचा. प्रत्येक वाक्यानंतर मी थोडी थांबत होते. का, ते मला सांगता येणार नाही.

मध्येच अध्यक्षबाई पुढे झुकल्या. “तुमच्याबरोबर आणखी माणसं आहेत का?”

मी नाही म्हटलं.

“मग तुम्ही थांबता तेव्हा उत्तर कोण देतंय?”

मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी पुन्हा सगळं घर दाखवलं. कडी लागलेलीच होती. रिकाम्या पलंगाकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि मग एवढंच म्हणाल्या, “पुढे बोला.” माफी मी मागितली नाही. निबंध नव्याने लिहू द्या, एवढंच म्हटलं.

आई बाबांना घेऊन साडेतीनला आली आणि चपला न काढताच दारात रडू लागली. क्लिनिकमध्ये बाबांचा चांगला हात अचानक कपाळाला गेला आणि ते ‘व्हय’ म्हणाले. चार महिन्यांतला पहिला शब्द. मग थांबून पुन्हा, मग पुन्हा. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंना वाटलं, त्यांना उत्तर देताहेत.

“पण त्या बाई तेव्हा फोनवर बोलत होत्या गं,” आई म्हणाली.

आठवड्याने निकाल आला. त्या निबंधाला शून्य, नव्याने लिहायची परवानगी, अभ्यासक्रम चालू. सोबत चौकशीचा मजकूर होता, यंत्राने उतरवलेला. माझ्या प्रत्येक वाक्याखाली एक ओळ होती : अनोळखी आवाज, एकापेक्षा जास्त. त्यातला एक बाबांचा धरला, गल्लीपलीकडून आलेला, तरी बाकीचे उरतातच. पुरावा मागणारीच्या हातात पुरावा आला होता आणि तो कुणापुढे मांडायचा हे तिला कळत नव्हतं. आईने त्या कागदाला हळदकुंकू लावून तो देव्हाऱ्यात ठेवला. मी तिला हसले नाही.

निबंध मी बाबांच्या पलंगाशेजारी बसून लिहिला, दोन महिने, प्रत्येक ओळ माझी. परत जाण्याआधी गाववाल्यांची पूजा आली. बाबा पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालावं का यावर मागे थोडी कुजबुज झाली, ती बाबांनी नारळ उचलून माझ्या हातात देईपर्यंतच. मी सांगितलं, कोण, कुठली. चूक सांगितली, सगळ्यांसमोर. मागण्याची वेळ आली तेव्हा मागण्यासारखं काही आठवेना. तुझ्यावर सोडलं, एवढंच म्हणून मी थांबले.

हॉलमध्ये वीस-बावीस माणसं असतील. ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारे आवाज त्याहून पुष्कळ होते. मी मागे वळून मोजले नाहीत.