सकाळची चिलटं, संध्याकाळची चिलटं

गेल्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, फलटणजवळच्या आमच्या घरात आईने चिलटांच्या खोक्याचं झाकण काढलं आणि समोर पणती लावून ठेवली.

चिलटं माझ्या धाकट्या बहिणीची होती. ती सांगलीत विश्रामबागला खोली घेऊन राहते आणि तिथल्या एका महाविद्यालयात संशोधन करते. पिकल्या केळ्यांवर घोंगावणारी ही बारीक माशी बहुधा पहाटेच्या सुमारास कोशातून बाहेर पडते. काही मात्र रेंगाळतात. बहिणीने पहाटे निघालेल्यांची पैदास एका बाजूला ठेवली आणि संध्याकाळी निघालेल्यांची दुसऱ्या बाजूला. पुढच्या पिढीत पुन्हा तशीच निवड, त्याच्या पुढच्या पिढीतही. अशा कित्येक पिढ्या गेल्यावर दोन वंश वेगळे दिसू लागले, एक सकाळचा आणि एक संध्याकाळचा. लवकर-उशिराची सवय आईबापांकडून पुढे कशी उतरते, हा तिच्या प्रबंधाचा विषय. प्रबंध या दोन वंशांवरच उभा होता.

दिवाळीला प्रयोगशाळा बंद राहते. म्हणून दोन्ही वंशांच्या बरण्या थर्माकोलच्या खोक्यात घालून ती एसटीने घरी आली. खोक्यात छोटा दिवा होता. तो सकाळी आपोआप लागायचा आणि संध्याकाळी विझायचा. माश्यांचा दिवस तेवढाच.

आईने पहिल्याच दिवशी वास घेतला. गूळ, मक्याचं पीठ आणि यीस्ट असं माश्यांचं खाणं होतं.

"सणासुदीला घरात चिलटं आणलीस व्हय गं? लोक हाकलत्यात, तू पाळतीस."

"आई, पगार त्याचाच मिळतो."

खोकं मधल्या खोलीत ठेवलं. संध्याकाळनंतर ते उघडायचं नाही, असं बहिणीने सर्वांना सांगितलं होतं. पण लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे घराचा एकही कोपरा अंधारात ठेवत नाहीत. गोठ्यात पणती जाते, न्हाणीत जाते, धान्याच्या कणगीपुढे जाते. बहीण अंगणात रांगोळीला बसली होती. आरती होऊन फराळाची ताटं वाढेपर्यंत खोकं उघडं आणि उजेडात होतं.

बहीण आत आली, तिने झाकण लावलं आणि पलंगावर बसली.

"तुझी लक्ष्मी चिलटांच्या घरातबी येती का?"

"घरात हाय म्हंजी घरातलंच की. मेली काय गं?"

मेली नव्हती. बहिणीने सांगितलं ते असं: दिवस मावळल्यावर पुन्हा उजेड दिसला की माशीच्या आतलं घड्याळ मागे सरकतं. पुढचे काही दिवस जी माशी उशिरा निघेल ती मुळात उशिराची की पणतीमुळे उशिराची, हे कळणार नाही. चुकीच्या माश्या निवडल्या गेल्या तर दोन वंशांतला फरक पुसट होत जाईल. तिने या पिढीत निवडच न करण्याचं ठरवलं. आपापल्या बरणीत सगळ्यांना अंडी घालू द्यायची आणि पुढच्या पिढीत फरक टिकलाय का ते पाहायचं.

आईने पणती उचलून कोनाड्यात ठेवली आणि म्हणाली, "येवढ्याशा जिवाला आईबापाकडनं वेळ मिळती, तर तुझं धा वाजता उठणं कुणाचं गं? मी तर कोंबड्याच्या आधी उठती."

वडील फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. ते चकली मोडत होते.

"माझं," ते म्हणाले.

"आवं, काय तरी बोलू नका. पलटणीत उठत हुता की."

"बिगुल वाजायचा म्हणून उठायचो. सुट्टीवर आलो की कोण हलवून उठवायचं? आठीव जरा."

आईने आठवलं. "म्हंजी हिला लहानपणापास्नं उगंच पांघरूण ओढून उठवलं व्हय मी?"

"उगंच न्हाई. संध्याकाळच्या वंशाला बिगुल लागतोय," वडील म्हणाले. त्यावर बहीण हसली. त्या संध्याकाळी ती पहिल्यांदाच हसली.

पुढची पिढी कोशात गेली तेव्हा महाविद्यालयाची सुट्टी संपली नव्हती. बहीण खोकं घेऊन विश्रामबागच्या खोलीवर परतली होती. तिची खरी अडचण नेहमी पहाटेची असे. सकाळचा वंश ज्या वेळी निघतो त्या वेळी तिला जाग येत नाही. माश्या निघायच्या आदल्या दिवशीच आई आणि वडील फलटणहून आले. माश्यांवर पाळत ठेवायला आलोय, असं आईने शेजारणीला सांगितलं.

पहाटे आईने बहिणीचं पांघरूण ओढलं. खोक्यातला दिवा लागला तेव्हा दोघी समोर बसल्या होत्या. सकाळच्या वंशाच्या बरणीत माश्या निघू लागल्या. दुसऱ्या बरणीच्या काचेवर कोश तसेच चिकटलेले होते. दुपारपर्यंत त्यांतले फारसे फुटले नाहीत.

दिवा विझायच्या आधी, ऊन उतरल्यावर, संध्याकाळच्या वंशाचे कोश एकामागून एक फुटू लागले. तेव्हा बहीण आणि वडील खोक्यासमोर बसले होते. आई झोपली होती. तिला कोणी उठवलं नाही.