मठ्ठा प्यायलेलं गाव

"डॉक्टर साहेब, फक्त एवढं सांगा. मठ्ठा पिदा ते माणूस चावाले लागस का?"

सकाळी दवाखान्याचं कुलूप उघडत होतो तेव्हा हा फोन आला. बोलत होते एका गावचे सरपंच. सोनगीरच्या पुढे हायवे सोडून आत गेलं की हे गाव लागतं. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं वाईट नाहीत.

मी जनावरांचा सरकारी डॉक्टर होतो. माणसांचे प्रश्न माझ्याकडे सहसा येत नसत. पण सरपंच का विचारतात ते मला माहीत होतं. त्या गावातले भिकन आबा यांची म्हैस मेली होती. तिच्या मेंदूचा नमुना मीच लॅबला पाठवला होता आणि रिपोर्ट आदल्या दिवशी आला होता. रेबीज. म्हणजे पिसाळलेलं कुत्रं चावून होणारा रोग.

म्हैस मेल्याचं दुःख एकट्या आबांना होतं. भीती सगळ्या गावाला होती. कारण ती आजारी पडायच्या थोडं आधी आबांच्या आईची गंधमुक्ती झाली होती. आमच्या खान्देशात मृत्यूनंतरच्या त्या विधीला अख्खं गाव जेवतं. वरण-बट्टी, वांग्याची भाजी आणि मठ्ठा. मठ्ठ्यात त्या म्हशीचं दही होतं.

"दूध उकळून दही लावलं होतं ना? मग काही होत नाही," मी म्हणालो. "घाबरू नका."

"तुम्ही येऊनच सांगा," सरपंच म्हणाले. "इथं कोणी ऐकत नाही."

मी निघालो. गावात पोहोचायच्या आधीच गाव मला रस्त्यावर भेटलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून माणसं आरोग्य केंद्राकडे चालली होती. सिनेमात अशा वेळी लोक बंदुका घेऊन धावतात म्हणे. आमच्याकडे लोकांनी आधी तोंडाला रुमाल बांधले. हा रोग हवेतून येत नाही, पण कोरोनात लागलेली सवय हाताशी होती. मग प्रत्येकाने ओळखीच्या पुढाऱ्याला फोन लावला. मग सगळे रांगेत मधेच घुसले. डेअरीवाल्याने गावाचं दूध घेणं बंद केलं होतं. वाटेत दोन कुत्री मारून टाकलेली दिसली. त्यातलं एक मी ओळखत होतो. शाळेजवळ झोपायचं, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्याकडे बघून माझं डोकं फिरलं. तरुणांच्या मोबाइलवर कुठलातरी माणूस दुसऱ्याला चावतानाचा व्हिडिओ फिरत होता. खाली लिहिलं होतं, 'आपल्या तालुक्यात झॉम्बी'. तो व्हिडिओ आपल्या देशातला तरी होता की नाही, देव जाणे.

आरोग्य केंद्रात डॉक्टर मॅडम टेबलामागे उभ्या होत्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. खिडकीची काच फुटलेली होती. लस थोडी होती आणि माणसं दारात मावत नव्हती.

"आमना पोरेसले पहिले द्या!" एकजण ओरडत होता.

मॅडमनी मला आत ओढलं. "सर, यांना समजावा. मठ्ठा प्यायलेल्यांना घाई नाही. मला भीती वेगळीच आहे. म्हशीची लाळ कोणाच्या जखमेला लागली होती का? तो माणूस या गर्दीत असेल तर तो मला आधी पाहिजे."

प्रश्न बरोबर होता. हा विषाणू लाळेत असतो. जखमेतून शिरतो आणि नसांच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. मेंदूपर्यंत पोहोचायच्या आत लस मिळाली तर माणूस वाचतो. एकदा लक्षणं दिसली की औषध नाही. माणूस चाळीतला असो की बंगल्यातला, कोणालाच नाही.

मी भिकन आबांना हे आधीच विचारलं होतं. रेबीज झालेल्या म्हशीला गिळता येत नाही. तोंडातून लाळ गळते, आवाज बसतो. बघणाऱ्याला वाटतं, घशात काहीतरी अडकलंय. म्हणून लोक थेट तोंडात हात घालतात. मी आबांना खोदून विचारलं होतं, "माझ्याआधी कोणाला दाखवलं का? कोणी हात घातला का?" आबा म्हणाले होते, "नाही साहेब, पहिले तुम्हालाच बोलावलं."

हे उत्तर मी नोकरीभर ऐकलं आहे. गावात आधी गावचा जाणकार येतो, मग देवाचा अंगारा, मग आम्ही. पण डॉक्टरला सगळे हेच सांगतात. त्यात लबाडी कमी, मान राखणं जास्त.

मी बाहेर येऊन पायरीवर उभा राहिलो आणि बोललो. उकळलेलं दूध, दही, लाळ, जखम, सगळं सोपं करून सांगितलं. घसा बसेपर्यंत बोललो. पालथ्या घड्यावर पाणी. भाषण संपल्यावर पहिला प्रश्न आला, "मग लस कधी देणार?"

तेव्हा कुंपणाबाहेर लिंबाखाली एकटीच उभी असलेली बाई दिसली. ती रांगेत नव्हती. ती जरा पुढे सरकली की जवळचे लोक मागे सरकत होते. मी तिच्याकडे गेलो.

"अक्का, तुम्ही का बाहेर?"

"साहेब, त्यासले खळामा कोंडी टाकं," ती म्हणाली. "ताप शे त्यासले. कोनी जवय जाई नही ऱ्हायनं."

"कोणाला कोंडलं?"

"झिपरू नानाले. मना मालकले. म्हैसना तोंडमा हात टाका व्हता त्यासनी. कनीस काढाले."

झिपरू नानांना मी ओळखत होतो. अडलेली गाय सोडवणं, घशातलं काढणं, यासाठी पंचक्रोशीत त्यांना बोलावणं यायचं. एक पैसा घेत नसत. ज्या माणसाला मॅडम शोधत होत्या, त्याला गावाने शोधून कुलूप लावलं होतं आणि लस घ्यायला स्वतः आलं होतं. मला त्या क्षणी सगळ्या गावाचा राग आला. अजूनही आठवलं की येतो.

मी सरपंचांना बाजूला घेतलं.

"तो चावना ते, साहेब?" ते म्हणाले. "त्यानी पानी पिदं नही. ताट देखीसन मागे सरकना. बठ्ठा गावनी देखं."

सगळ्या गावाने ते पाहिलं होतं, आणि पाण्याला घाबरणं हे रेबीजचं लक्षण आहे. ते खरं असेल तर झिपरू नाना संपले होते. मॅडम लशीची पेटी घेऊन माझ्या गाडीत बसल्या, मागे अक्का. खळ्यापर्यंत जाताना मी दुसरा कसलाच विचार करू शकलो नाही.

खळ्यात कपाशी भरायची खोली होती. दाराबाहेर लांब काठी पडली होती. तिच्या टोकाला दोरीने जर्मनचं ताट बांधलेलं होतं. त्या ताटातून पाणी आत ढकललं होतं आणि खिडकीतून गाव बघत उभं राहिलं होतं. मी कुलूप काढायला लावलं. मॅडम माझ्यासोबत आत आल्या. बाकी कोणी आलं नाही.

नाना कपाशीच्या ढिगाला टेकून बसले होते. उजवं मनगट सुजलं होतं. म्हशीच्या दाढेला घासून कातडी सोललेली, त्यावर हळद.

मी अक्कांकडून तांब्या मागवला. आधी मी प्यायलो. मग नानांपुढे धरला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी काय कुत्रं शे का, साहेब? काठीवर पानी देतस माले."

आणि तांब्या तोंडाला लावून सगळं पाणी प्यायले. घोट नीट उतरत होते. मॅडमनी सुटकेचा श्वास सोडला तो मला ऐकू आला. मला रडू आलं, ते मी खोकण्यात लपवलं. ताप पिकलेल्या जखमेचा होता. माणूस अजून हातात होता.

मॅडमनी जखम साबणाने बराच वेळ धुतली, लस टोचली. पण एवढ्याने भागत नव्हतं. अशा जखमेत सीरम टोचावं लागतं. लशीचा असर व्हायला वेळ लागतो, तोवर विषाणूला थोपवायचं तयार औषध म्हणजे सीरम. ते धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात होतं. अँब्युलन्स दुसऱ्या केसवर गेली होती. गावात गाड्या होत्या, पण कोणाचं डिझेल संपलं, कोणाची चावी हरवली.

मी नानांना माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसवलं. अक्का मागे. निघताना भिकन आबा काचेजवळ आले. डोळे खाली.

"तुम्ही चिडशात म्हनीसन सांगं नही," ते म्हणाले.

मी गाडी सुरू केली. बोललो असतो तर फार बोललो असतो.

धुळ्यात सीरम मिळालं. पुढचे सगळे डोस नानांनी वेळेवर घेतले. त्यांना काही झालं नाही. मठ्ठा प्यायलेल्यांनाही काही झालं नाही. होणारच नव्हतं. पण गावाने त्याचा अर्थ असा लावला की लस मिळाली म्हणून आपण वाचलो. नानांचा मात्र कोणाला भरवसा वाटेना. त्यांना बोलावणी येणं थांबलं. अक्का पाण्याला नळावर गेल्या की बायका हंडे बाजूला घेत. मी जाऊन पुन्हा बोललो, मॅडम जाऊन बोलल्या. लोक माना डोलवत आणि घरी जात.

उन्हाळ्यात भिकन आबांच्या मुलीचं लग्न होतं. मला आग्रहाचं आमंत्रण होतं. मांडवात पंगत बसली होती. झिपरू नाना टोकाला बसले होते, पांढरी टोपी, धुतलेलं धोतर. त्यांच्या शेजारच्या दोन जागा मोकळ्या होत्या. वाढपी तिथून भराभर पुढे जात होते. मी उठून तिकडे निघालो, तेवढ्यात आबा आले. मुलीचा बाप. आमच्याकडे मुलीचा बाप पाहुणे जेवल्याशिवाय घास घेत नाही. आबांनी फेटा काढला आणि नानांच्या शेजारी बसून तो मांडीवर ठेवला. वाढप्याला म्हणाले, "वाढ." नानांच्या पत्रावळीतली बट्टी आबांनी स्वतः कुस्करून दिली, मग आपली कुस्करली आणि जेवायला लागले.

नानांचा हात थोडा वेळ पत्रावळीवरच राहिला. मग तेही जेवायला लागले. उरलेल्या जागेवर आबांचा भाऊ येऊन बसला.

रेबीज कसा पसरतो आणि कसा पसरत नाही, हे मी त्या गावाला घसा फोडून सांगितलं होतं. त्याने कोणी एक वीतभर सरकलं नव्हतं. गावातल्या पुढच्या लग्नाच्या पंगतीत नानांच्या शेजारी बसायला माणसं उभी होती.