शुक्रवारचा दिवा

आमच्या शेजारच्या शेगुलाबाई आवसकर म्हणजे गावातलं एकुलतं यहुदी घर. दर शुक्रवारी दिवस मावळायच्या आत त्या काचेच्या पेल्यात खोबरेल तेलाचा दिवा लावायच्या. मग शनिवारच्या तिन्हीसांजेपर्यंत विस्तवाला हात लावायचा नाही, दुसऱ्याला ‘लाव’ म्हणायचंही नाही. त्यानं स्वतःच्या कामासाठी लावला तर चालतो. आई करायची म्हणून बाई करायच्या, आणि सुखात होत्या.

चौऱ्याऐंशी साली मुलगा इस्रायलहून कबाला, म्हणजे यहुद्यांची गूढविद्या, शिकून आला. म्हणाला, "आई, या दिव्याच्या उजेडात आपल्यात दुसरा आत्मा येतो." झालं! मेल्यानं अर्थ सांगितला आणि आईची झोप उडवली. बाई दिव्यासमोरून हलेनात. गावाचंच नाव मालवण, तिथं दिवा टिकतोय कसला!

एका शुक्रवारी वीज गेली आणि वाऱ्यानं दिवाही मालवला. मी धावले. बाई काळोखात दिव्यासमोरच बसून होत्या.

"विमल, तो आत्मा गेला का गं?"

"माका काय ठावक? माझी सुई हंय पडली, ती माका शोधूची आसा," म्हणत मी काडी ओढून दिवा लावला.

मी आयुष्यात कधी सुई धरली नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक. तरी त्या वाकल्या आणि जमीन चाचपू लागल्या.