तिसरा फासा

ती घटना आठवली की अजूनही माझा डावा हात आपोआप उजव्या मनगटाकडे जातो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, कारखान्यांतले स्फोट पाहिले. त्यातलं बरंच आता पुसट झालं आहे. हे प्रकरण मात्र पुसट होत नाही. सुरुवातीला त्यात ना फिर्याद होती, ना फिर्यादी. होती ती फक्त भीती, आणि तीसुद्धा तिसऱ्याच माणसाच्या मनातली. नावं कुणाचीच लिहीत नाही. त्या बाईला आता कुठे नीट झोप लागते आहे.

मी तेव्हा बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका दुपारी ठाणे अंमलदार आत आला आणि म्हणाला, "साहेब, बाहेर एक मुलगी आणि तिचे वडील आलेत. तक्रार द्यायची नाही म्हणते, पण जातही नाही."

चिंचणी-तारापूर भागात दागिन्यांच्या डाय बनवण्याचा धंदा जुना आहे. डाय म्हणजे पोलादी ठसा. त्यावर पत्रा दाबून बांगडी-ब्रेसलेटची नक्षी उठवतात. या मुलीच्या वडिलांचा असाच छोटा कारखाना होता. मुलगी पंचविशीतली, डिप्लोमा झालेली. संगणकावर डिझाइन करायची आणि फासे ही तिची खासियत. ब्रेसलेटची दोन टोकं जिथे एकमेकांत अडकतात तो फासा.

खुर्चीत बसली तरी तिने हातातला रुमाल सोडला नाही.

"साहेब, पोरगी उगाच घाबरलीये," वडील म्हणाले. "गिऱ्हाईक सभ्य माणूस आहे. कंपनीत नोकरीला आहे."

"त्यांना बोलू द्या," मी म्हटलं.

तिने रुमालातून एक स्टीलचं ब्रेसलेट काढून टेबलावर ठेवलं. काही महिन्यांपूर्वी एक चाळिशीचा माणूस त्यांच्याकडे आला होता. आई सातपाटीला असते, तिला काही आठवत नाही, घरातून निघून जाते, असं त्याने सांगितलं. हातातून काढता येणार नाही असं ब्रेसलेट हवं होतं. आत एक छोटं यंत्र बसेल एवढी पोकळी ठेवायची होती. यंत्र तो स्वतः बसवणार होता, तो कंपनीत तेच काम करायचा. आई कुठे आहे ते मोबाइलवर दिसेल आणि फासा उघडला तर तेही लगेच कळेल. मुलीला त्याची दया आली. तिने मन लावून फासा बनवला.

काही दिवसांनी तो परत आला. आईने फासा उघडला होता. मग मुलीने दुहेरी खटक्याचा, किल्लीशिवाय न उघडणारा फासा केला. तोही परत आला. तो हा, टेबलावरचा.

"यात घाबरण्यासारखं काय आहे?" मी विचारलं.

"साहेब, विसराळू माणूस नुसता ओढतो, दाताने चावतो. हिने तसं काहीच केलेलं नाही. हे ओरखडे बघा." तिने भिंग पुढे केलं. "खटक्याची जीभ आत कुठे आहे ते हिने शोधलंय. पिनेने, एकाच जागी, पुन्हा पुन्हा. जिला पोटचा मुलगा ओळखू येत नाही, तिला हे कसं जमलं?"

मी भिंगातून पाहिलं. ओरखड्यांच्या खाली तांबूस काळा डाग सुकलेला होता.

"आणि माप, साहेब. पहिल्यापेक्षा दुसरं कमी होतं. आता तिसऱ्यासाठी त्याने त्याहून कमी माप दिलंय. हात बारीक होत चाललाय तिचा."

"तिसरं बनवलंस?"

"काल दिलं." तिने एकदा वडिलांकडे पाहिलं. "तो फासा मी कच्चा ठेवलाय. जिथे तिने ओरखडे काढले ना, तिथे दाबलं की उघडेल. मुद्दाम केलाय."

वडील ताडकन उठून उभे राहिले. त्यांना हे ठाऊक नव्हतं.

"पण आता वाटतं, चुकलंच माझं," मुलगी रडू लागली. "फासा उघडला की त्याला कळणार. तेव्हा तो तिच्याजवळच असला तर? मी तिला सोडवायला गेले की मारायला?"

मी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि आमच्या महिला हवालदार बाईंना घेऊन साध्या वेशात सातपाटी गाठली.

कारखान्याच्या वहीत त्या माणसाचं नाव होतं; त्यावरून त्याची आई शोधायला वेळ लागला नाही. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या वलांडीखाली बसून ती बायकांशी भांडत होती. मनगटं दणकट, हातभर हिरवा चुडा. ब्रेसलेटचा पत्ता नाही.

हवालदार बाईंनी गप्पांच्या ओघात विचारलं, "मावशी, तुम्हाला म्हणे काही आठवत नाही?"

"कोन बोलला? वीस वर्सांमागं कोनी मासली उधार नेली त्येबी आठवते माना!" म्हातारी फणकारली. तिच्या मागे एक चार-पाच वर्षांची मुलगी शिंपले मांडत बसली होती. "ही नात. सून दांडीला माहेरी गेली हाय. पोरीला माज्यापाशी टाकून. आमी काय बोलनार?"

ठाण्यातून एका महिला शिपायाला बोलावून मी त्या घराजवळ थांबायला सांगितलं. नातीवरून नजर हलवायची नाही, आणि तिचा बाप आला तरी तिला त्याच्या ताब्यात द्यायचं नाही.

दांडीला सुनेचे वडील जाळं विणत बसले होते. आम्हाला पाहून त्यांच्या हातातली सुई थांबली. "आमची पोर सासरीच हाय. मोबाइलवर लिवून धाडते, बरी हाय म्हनून."

"आवाज कधी ऐकलात तिचा?"

"नाय," म्हातारा म्हणाला, आणि जाळं बाजूला टाकून त्याने घरात बायकोला हाक मारली.

सासरचे म्हणत होते माहेरी आहे, माहेरचे म्हणत होते सासरी आहे. या दोन गावांच्या मधे कुठेतरी ती बाई होती आणि तिच्या हातात एक कच्चा फासा होता. सुनेच्या वडिलांकडून ती बेपत्ता झाल्याची खबर लिहून घेतली आणि मी बोईसरकडे गाडी वळवायला सांगितली.

पाळी सुटताना आम्ही त्या माणसाला कंपनीच्या फाटकावरून ठाण्यात आणलं. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस, आवाज खालचा. मोबाइल त्याने स्वतःहून टेबलावर पालथा ठेवला, पण त्यात कंपनीचं काम आहे म्हणून पासवर्ड दिला नाही. घराची किल्ली मात्र न मागता पुढे केली.

"बघून या साहेब. लपवण्यासारखं काही नाही."

बोईसरचा त्याचा फ्लॅट आमच्या माणसांनी पंचांसमक्ष पाहिला. आत कुणीच नव्हतं. स्वयंपाकघरात एकच ताट होतं.

मग त्याने मान खाली घालून सांगितलं, "खरं सांगतो. बायको कुणाबरोबर तरी निघून गेली. लाजेपायी दोन्हीकडे खोटं बोललो. तिच्या मोबाइलवरून मीच तिच्या घरी मेसेज करतो, म्हाताऱ्यांना धक्का नको म्हणून."

"मग ब्रेसलेट कुणाला?"

"आईलाच. तिला बसलं नाही, टाकून दिलं."

खोटं बोलणारी माणसं मी खूप पाहिली. बहुतेक जण चिडतात, शपथा घेतात, पाणी मागतात. हा तसा नव्हता. प्रश्न पुरता ऐकायचा, मग सावकाश उत्तर द्यायचा. पण दर उत्तरानंतर त्याची नजर पालथ्या मोबाइलवर जायची. मला कळत होतं की त्याला आमची भीती नाही. तो कशाची तरी वाट बघतो आहे. त्याला सोडलं तर तो थेट तिच्याकडे जाणार. धरून ठेवलं तर ती कुठे आहे हे कळणार नाही. अन्नपाणी किती उरलंय, जिवंत तरी आहे का, कुणाला माहीत.

आणि मोबाइल वाजला.

घंटी नव्हती, एकसारखा चिरका सूर होता. इतका वेळ दगडासारखा बसलेला माणूस झेपावला. हवालदार बाईंनी त्याच्या आधी मोबाइल उचलला. पडद्यावर लाल चौकोन आणि त्यात एक ओळ: पट्टा उघडला. खाली नकाशा. लाल ठिपका कुंभवलीत होता.

"मला जाऊ द्या," तो पहिल्यांदाच ओरडला. "तिला माहितीये उघडल्यावर काय होतं ते! मला जाऊ द्या!"

त्या आवाजाने टेबलाजवळचा शिपाईसुद्धा मागे सरला. त्याला दोन शिपायांच्या ताब्यात ठेवून आम्ही निघालो.

कुंभवलीला कारखान्यांच्या भिंतीमागे कामगारांच्या खोल्यांची एक रांग होती. संध्याकाळ होत होती. नाल्यातून औषधासारखा उग्र वास येत होता. ठिपक्याने दाखवलेल्या टोकाच्या खोलीच्या दाराला कुलूप असेल म्हणून शिपायाने पहार घेतली होती. दाराला कुलूपच नव्हतं. कडीसुद्धा नव्हती. मी बोटाने ढकललं आणि ते उघडलं. आजवर बंद दारं पुष्कळ तोडली, पण असं उघडं दार पाहिलं नव्हतं.

खोली रिकामी दिसली. एक चटई, एक माठ. मग मोरीतून किटकिट असा बारीक आवाज आला.

पाण्याच्या पिंपामागे ती अंग चोरून बसली होती. डोळे मिटलेले. ब्रेसलेट मनगटावर चढवून ती दुसऱ्या हाताने फासा दाबत होती. तो लागत नव्हता, पुन्हा सुटत होता.

"लावते," ती पुटपुटत होती. "मी नाय काढला. आपोआप निघाला. लावते परत. पोरीकडं जाऊ नका. लावते मी."

मी आहे तिथेच थांबलो. पुरुषाचा आवाज तिथे नको होता. हवालदार बाई ओल्या मोरीत मांडी घालून बसल्या.

"ताई, डोळे उघड. मी पोलीस आहे. तो आमच्या ताब्यात आहे."

तिला ते ऐकू गेलं नाही. बाईंनी मोबाइलवर सातपाटीच्या शिपायाला व्हिडिओ कॉल लावला. आजीच्या मांडीवर बसून भात खाणारी मुलगी दिसली. तेव्हा कुठे त्या बाईचा हात फाशावरून सुटला. ब्रेसलेट खणकन मोरीत पडलं. त्यानंतर ती जो आवाज काढून रडली तो मला लिहिता येणार नाही.

जबाब दवाखान्यात झाला, तोही थोडा थोडा, थांबत. नवऱ्याला संशयाने पछाडलं होतं. मुलीला स्वतःच्या आईकडे ठेवून त्याने हिला या खोलीत आणलं. कुलूप लावलं तर लोक विचारतील, म्हणून ब्रेसलेट. "पट्टा निघाला किंवा तू उंबरा ओलांडलास की मला कळेल," त्याने सांगितलं होतं. "तू रिक्षा शोधेपर्यंत मी पोरीपाशी पोचलेला असेन." पहिल्यांदा फासा काढून ती खरोखर पळाली, पण रिक्षा स्टँडवर पोचायच्या आत तो समोर उभा होता. त्यानंतर तो काय करू शकतो याबद्दल तिला शंका उरली नाही. अन्न गिळवेना, हात वाळत गेला.

"मग दुसरा फासा का काढलास?" बाईंनी विचारलं. "पळाली तर नाहीस."

"तो बनवनाऱ्याकडं परत नेतो ना," ती म्हणाली. "बनवनारा हातात घेऊन बघंल. त्याला कायतरी दिसंल. म्हनून खरवडत बसले. बोट फुटलं तरी."

मी डाय कारखान्यातल्या मुलीला हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. दोघी बराच वेळ एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या, असं हवालदार बाई म्हणाल्या.

गुन्हा दाखल झाला, दोषारोपपत्र गेलं, खटला उभा राहिला. तिन्ही ब्रेसलेट सीलबंद मुद्देमाल म्हणून न्यायालयात आली. मुलीने न घाबरता साक्ष दिली. सासूनेही दिली, पोटच्या मुलाविरुद्ध, एकदाही त्याच्याकडे न बघता. शेवटी आरोपीच्या वकिलांनी त्या बाईला विचारलं, "दाराला कुलूप नव्हतं. भिंतीपलीकडे माणसं राहत होती. तुम्ही ओरडलात का नाही?"

"वरडले होते," ती म्हणाली. "पहिल्या दिवसांत. मंग शेजारी टीव्हीचा आवाज मोठा झाला. पुन्हा वरडले, आनखी मोठा झाला. मंग नाय वरडले."

शेजारचा कामगार साक्ष देऊन मागच्या बाकावर बसला होता. आमच्या चौकशीत त्याने सांगितलं होतं, "साहब, हम तो ड्यूटी पे रहते हैं, कुछ सुना नहीं." आता त्याने मान खाली घातली. त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटली नाही. परका मुलूख, ठेकेदाराची नोकरी, भाड्याची खोली. तोही घाबरलेलाच होता. आरोपीला शिक्षा झाली. ती बाई मुलीला घेऊन दांडीला गेली.

त्यानंतर ठाण्यात नव्या शिपायांना बीटवर पाठवताना मी एक गोष्ट सांगू लागलो. चाळीत चौकशीला गेलात की "काही ऐकलं का?" असं विचारू नका. नाहीच म्हणतील. विचारा, "मधे कधी टीव्हीचा आवाज वाढवावा लागला का?"

बहुतेक माणसं या प्रश्नावर हसतात. बोईसरला एका चाळीत मात्र मी स्वतः हे विचारलं तेव्हा दारातली बाई हसली नाही. तिने आधी जिन्याकडे पाहिलं. मग एक शब्दही न बोलता, पदराआडून, समोरच्या दाराकडे बोट दाखवलं.